साधे बचत खाते मागणाऱ्याला आधी तेच दाखवा : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई.

महोदय,

बचत खात्यात किमान किती शिल्लक ठेवायला लावायची हे ज्या त्या बँकेने ठरवावे, तो विषय नियामकाच्या कक्षेत येत नाही, असे आपण ऑगस्ट 2025 मध्ये जाहीरपणे सांगितलेत. देशातल्या एका मोठ्या खासगी बँकेने तेव्हा नुकतीच शहरांतल्या नव्या खातेदारांसाठी सरासरी मासिक शिल्लक 50,000 रुपये केली होती. वर्तमानपत्रांतून ओरड झाली आणि काही दिवसांतच तो आकडा 15,000 वर आला. ओरड झाली नसती तर तो 50,000 वरच राहिला असता, कारण त्याला अडवणारा नियमच नव्हता. आपले ते विधान मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. म्हणून हे पत्र.

मी कोण, हे आधी सांगते. मी सरकारी बँकेत कारकून होते आणि नोकरीतली बरीच वर्षे नवीन खात्यांच्या टेबलावर काढली. नमुना सह्या घेणे, अर्ज तपासणे, पहिल्या भरण्याची पावती फाडून देणे हे माझे रोजचे काम. त्या काळी खाते उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागायची. परिचय देणारा म्हणून त्याची सही मिळाली नाही तर अर्ज पुढे सरकत नसे. नव्याने गावात आलेला मजूर, एकटी राहणारी बाई, अशांना मी स्वतः परत पाठवलेले आहे, कारण नियमच तसा होता. पुढे ओळखीची अट गेली तेव्हा मला मनापासून बरे वाटले. निवृत्तीनंतर मी घरकाम करणाऱ्या बायका, रखवालदार, पहिल्या नोकरीला लागलेली मुले यांच्यासोबत खाते उघडायला बँकेत जाते. कुणाला अर्ज वाचता येत नाही, कुणाला साहेबासमोर बोलायची भीती वाटते. काउंटरच्या आतून आणि बाहेरून असे दोन्हीकडून मी हे काम पाहिले आहे. ओळखीची अट गेली, पण तिच्या जागी पैशाची अट येऊन बसली आहे, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत बसली आहे.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की साधे खाते लोकांपासून लपवले जाते.

आपल्याच संस्थेने नोव्हेंबर 2005 मध्ये ‘नो-फ्रिल्स’ खाते आणले आणि ऑगस्ट 2012 मध्ये त्याच्या जागी मूलभूत बचत खाते, म्हणजे बीएसबीडी खाते आणले. ते गरिबांपुरते नाही, कुणालाही उघडता येते. किमान शिल्लक नाही, सुरुवातीला पैसे भरण्याची सक्ती नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्यात चार वेळा पैसे काढणे फुकट, पैसे कितीही वेळा भरा. त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, ही त्याची मुख्य अट, आणि ती रास्त आहे. डिसेंबर 2025 मध्ये आपण या खात्याच्या सुविधा आणखी वाढवल्या. पासबुक, चेकबुक, इंटरनेट आणि मोबाइल बँकिंग हे सारे 1 एप्रिल 2026 पासून विनाशुल्क. हा चांगला निर्णय होता आणि त्याबद्दल आपले आभार मानते.

पण काउंटरवर जाऊन हे खाते मागून बघा. ‘ते फक्त जनधनवाल्यांसाठी असतं.’ ‘आमच्या शाखेत नाही होत.’ ‘त्यात 50,000 च्या वर ठेवता येत नाही, वर्षात लाखाच्या वर जमा झालं की बंद पडतं.’ ही सगळी उत्तरे मी माझ्या कानांनी ऐकली आहेत. शेवटचे उत्तर सर्वांत घातक, कारण ते ऐकायला नियमासारखे वाटते. 50,000 शिल्लक आणि वर्षाला 1 लाख जमा ही मर्यादा ‘स्मॉल अकाउंट’ची आहे. ज्याच्याकडे ओळखीचा एकही अधिकृत कागद नाही, त्याच्यासाठी फोटो आणि सही-अंगठ्यावर उघडायचे ते खाते. ज्याची केवायसी पूर्ण आहे त्याच्या मूलभूत खात्याला ही मर्यादा लागू नाही. टेबलामागच्या तरुण कर्मचाऱ्याला हा फरक बऱ्याचदा खरोखरच ठाऊक नसतो. त्याला प्रशिक्षण दिले जाते ते महागडे खाते विकण्याचे, त्याची महिन्याची उद्दिष्टेही तीच असतात. त्या मुलांवर माझा राग नाही. ती उद्दिष्टे वर बसून ठरवणाऱ्यांवर आहे.

दुसरी तक्रार सरासरी शिल्लकेच्या हिशोबाची. हा हिशोब थोडा सविस्तर मांडते, कारण बहुतेक खातेदारांना तो कुणी कधी समजावून सांगत नाही.

रोज दिवसअखेर खात्यात जी रक्कम असेल त्या सगळ्या रकमांची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचे, ही सरासरी मासिक शिल्लक. आता समजा एका बाईला महिन्याच्या पहिल्या तारखेला 12,000 रुपये मिळतात आणि ते रोज थोडे थोडे खर्च होत महिनाअखेरीस संपतात. तिची सरासरी होते साधारण 6,000. अट 10,000 ची असेल तर ती दर महिन्याला नापास. महिन्याला 12,000 रुपये बँकेतून फिरवूनही! उलट एखाद्याने 3 लाख रुपये फक्त एक दिवस ठेवले आणि बाकी महिनाभर खाते रिकामे ठेवले, तरी 30 दिवसांच्या महिन्यात त्याची सरासरी 10,000 भरते आणि तो पास. अट बचत करण्याची सवय मोजत नाही. आधीपासून हाताशी पैसा किती आहे, एवढेच मोजते.

आता दंड. काही खासगी बँकांच्या दरपत्रकात तो कमतरतेच्या सहा टक्के असा असतो, वरची मर्यादा काही शे रुपयांची. वरच्या उदाहरणातल्या बाईची कमतरता 4,000 ची, तर दंड 240 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून सुमारे 283 रुपये. एका महिन्याचे. आणि व्याज? मोठ्या बँका 2025 मध्ये बचत खात्याला अडीच टक्क्यांवर आल्या. म्हणजे 10,000 रुपये वर्षभर न हलवता ठेवले तरी मिळणार 250 रुपये. वर्षभराच्या व्याजापेक्षा एका महिन्याचा दंड जास्त, या व्यवहाराला बचत म्हणणे मला जड जाते.

आपल्याच संस्थेच्या 20 नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकाने याला काही कुंपण घातले होते. शिल्लक कमी पडली तर आधी खातेदाराला कळवा, भरून काढायला एक महिना द्या, दंड कमतरतेच्या प्रमाणात घ्या आणि केवळ दंडामुळे खाते उण्यात जाऊ देऊ नका. चांगले नियम आहेत. पण कळवणे म्हणजे काय होते? इंग्रजीतला एक एसएमएस, तोही अनेकदा बदललेल्या किंवा घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या नंबरवर. खाते उण्यात जात नाही हे खरे, पण दंडाची थकबाकी मांडून ठेवली जाते आणि पुढचा पैसा जमा झाला की त्यातून वळती होते. एका मुलीच्या खात्यात शिष्यवृत्ती जमा झाली आणि तिच्या हाती आली ती जुना दंड वजा होऊन. तिच्या आईने मला विचारले, सरकारने कमी पाठवली का? काय सांगणार होते मी?

पगाराच्या खात्याचेही तसेच. पगार जमा होणे थांबले की काही महिन्यांत बँक ते खाते साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिल्लक लागू करते. माणसाची नोकरी जाते तेव्हाच दंड सुरू होतो. एका तरुणाला मी पाहिले आहे, नव्या नोकरीच्या शोधात असताना त्याच्या उरल्यासुरल्या पैशांतून दर महिन्याला कापले जात होते. त्याला वाटत होते खाते अजून ‘झिरो बॅलन्स’ आहे, कारण उघडताना त्याला तसेच सांगितले होते.

ही रक्कम किरकोळ नाही. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत फक्त सरकारी बँकांनी किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल सुमारे 8,500 कोटी रुपये दंड घेतला. खासगी बँकांचा आकडा यात नाही. हा पैसा कुणाकडून आला? ज्याच्या खात्यात भरपूर आहे त्याच्याकडून तर नक्कीच नाही.

तिसरी तक्रार पहिल्या भरण्याची. मूलभूत खात्याला सुरुवातीची रक्कम लागत नाही. पण ते खाते दाखवलेच जात नसल्यामुळे लोक दुसऱ्या खात्यासाठी 10,000 रुपये कुठून तरी उभे करतात. बचत गटातून, शेजारणीकडून, मालकिणीकडून उचल घेतात, भरतात, आणि खाते चालू झाले की परत करायला काढतात. तीन दिवस ठेवून काढले तर त्या महिन्याची सरासरी होते 1,000. म्हणजे उसन्या पैशाने उघडलेले खाते पहिल्याच महिन्यापासून कमतरतेत. खाते उघडून देणाऱ्याचे उद्दिष्ट पुरे झालेले असते, पुढचे तो बघत नाही.

चौथी, कागदपत्रांची. नियमाने पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, मनरेगाचे जॉब कार्ड, आधार यांपैकी कोणताही कागद चालतो आणि पॅन नसेल तर त्याऐवजी ठरलेले घोषणापत्र भरून देता येते. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली. तरीही टेबलावरचा पहिला प्रश्न ‘आधार आणलंय का?’ आणि मतदार ओळखपत्र पुढे केले तर ‘सिस्टीम घेत नाही’. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर फिरत राहणाऱ्या कुटुंबाचा पत्ता बदलतच असतो. त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी नियमात वाट आहे, ती शाखेत पोहोचलेली नाही. यावर अधिक लिहीत नाही, कारण नियम आधीच पुरेसे चांगले आहेत. ते पाळले जावेत एवढेच म्हणणे आहे.

पाचवी तक्रार मात्र मला फार लागते. खाते उघडताना न विचारता घेतलेली संमती.

पूर्वी अर्ज कागदावर असायचा. रिझर्व्ह बँकेचीच सूचना आहे की ग्राहकाला लागणारे छापील साहित्य, अर्ज, भरणा पावत्या, पासबुक हे इंग्रजी, हिंदी आणि त्या भागाची भाषा अशा तिन्ही भाषांत असावे. आता कर्मचाऱ्याच्या हातात टॅबलेट असतो, त्यावर इंग्रजी मजकूर भरभर वर सरकतो, चौकोनांवर खुणा तोच करतो आणि ग्राहकाकडून ओटीपी तेवढा मागून घेतो. ओटीपी सांगितला की सगळ्याला संमती. नंतर पासबुक भरून आणले की कळते, 436 रुपये जीवनज्योती विम्याचे गेले, 20 रुपये सुरक्षा विम्याचे गेले, कार्डाचे वेगळे, एसएमएसचे वेगळे. दोन्ही सरकारी विमा योजना चांगल्या आहेत, मी स्वतः लोकांना त्या घ्यायला सांगते. पण त्या ऐच्छिक आहेत. घरातल्या कमावत्या माणसाला विमा आहे हे घरच्यांना माहीतच नसेल तर तो माणूस गेल्यावर दावा कोण करणार? न विचारता काढलेल्या विम्याचे पैसे जातात आणि उपयोगही होत नाही, असे दुहेरी नुकसान आहे हे. एसएमएसचे शुल्क प्रत्यक्ष वापरावर घ्यावे असे आपण 2013 मध्येच सांगितले आहे. डिसेंबर 2014 च्या ग्राहक हक्क सनदेत ग्राहकाला योग्य असेल तेच विकावे हाही हक्क आहे. ती सनद शाखेच्या भिंतीवर लावलेली मी पाहिली आहे, खुर्च्यांच्या मागे.

आपल्यामागे खात्यातले पैसे कुणाच्या हाती द्यावेत त्याचे नाव, म्हणजे नामनिर्देशन, याचीही हीच गत. 1 नोव्हेंबर 2025 पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात, पण घाईत तो रकानाच रिकामा सोडला जातो.

आता बँकांची बाजू. शाखा, माणसे, एटीएम, संगणक यांचा खर्च असतो, रिकामी खाती सांभाळणे परवडत नाही, असे त्या म्हणतात. मी त्यांच्यातच नोकरी केली आहे, खर्च असतो हे मला ठाऊक आहे. पण बचत खात्यातला पैसा हा बँकेला मिळणारा अतिशय स्वस्त पैसा आहे. ऑक्टोबर 2011 पर्यंत त्याचा व्याजदर आपण ठरवत होता, तो तेव्हा चार टक्के होता. मग तो बँकांवर सोडला आणि मोठ्या बँकांत तो 2025 मध्ये अडीचवर आला. व्याज किती द्यायचे तेही बँकेने ठरवायचे, दंड किती घ्यायचा तेही बँकेने, तर खातेदाराच्या बाजूने बसलेले कोण? आणि शून्य शिल्लकेची खाती शून्यावर राहतात हेही खरे नाही. 28 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेत ऑगस्ट 2025 पर्यंत 56 कोटींच्या वर खाती झाली आणि त्यांत अडीच लाख कोटींहून अधिक रुपये जमा होते. किमान शिल्लकेची अट नसताना लोकांनी ठेवलेले हे पैसे आहेत. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेने मार्च 2020 मध्ये बचत खात्यांवरचा हा दंड बंद केला, 2025 च्या जून-जुलैत आणखी काही सरकारी बँकांनी केला. त्यांचे व्यवहार चालूच आहेत.

जे वाचक उद्या खाते उघडायला जाणार आहेत त्यांना एक सांगते. ‘बीएसबीडी खाते हवे’ असे नाव घेऊन मागा. नाही म्हटले तर नकार लेखी मागा. बँकेकडे लेखी तक्रार करा, तिचा क्रमांक जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला पैसे पडत नाहीत. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे. खाते आधीच उघडले असेल आणि शिल्लक ठेवणे जमत नसेल तर तेच खाते मूलभूत खात्यात बदलून मागा. दंड भरत बसू नका.

गव्हर्नर महोदय, माझ्या मागण्या अशा आहेत.

एक. बचत खात्याच्या प्रत्येक अर्जाचे, कागदी असो की टॅबलेटवरचा, पहिले पान मूलभूत खात्याचे असावे. ते ग्राहकाच्या भाषेत असावे, आणि ‘हे खाते मला समजावून सांगितले, तरी मी दुसरे निवडतो’ असे त्याने स्वतः लिहून सही केल्याशिवाय किमान शिल्लकेचे खाते उघडता येऊ नये. कर्मचाऱ्याने केलेली खूण त्यासाठी पुरेशी मानू नये.

दोन. किमान शिल्लक हा विषय आपल्या कक्षेत घ्यावा. बँकेला अट ठेवायची असेल तर ठेवू द्या, पण कोणत्याही वर्षातला एकूण दंड त्या खात्यात त्या वर्षी जमा झालेल्या व्याजापेक्षा जास्त असता कामा नये.

तीन. लागोपाठ दोन महिने शिल्लक कमी पडली तर दंड तिथेच थांबावा आणि खातेदाराला मूलभूत खात्यात जाण्याचा पर्याय फोन करून, त्याच्या भाषेत द्यावा. पगाराचे खाते बदलतानाही हेच करावे.

चार. मजुरी, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, अनुदान यांच्या जमा रकमेतून जुन्या दंडाची थकबाकी कापण्यास स्पष्ट मनाई करावी. ज्यांच्याकडून अशी रक्कम कापली गेली आहे त्यांना ती परत मिळावी.

पाच. खाते उघडण्याच्या दिवशी विमा किंवा दुसरी कोणतीही योजना जोडू नये. त्यासाठी वेगळा दिवस, वेगळा अर्ज आणि वेगळी सही असावी.

सहा. आपले अधिकारी साधे ग्राहक बनून, आधीच न कळवता शाखांत पाठवावेत. त्यांनी फक्त एवढेच म्हणावे, ‘मला बचत खाते उघडायचे आहे.’ समोरून कोणते खाते दाखवले गेले याची नोंद करावी आणि ती बँकांच्या नावांसह प्रसिद्ध करावी. दर तिमाहीला प्रत्येक बँकेने, सरकारी आणि खासगी दोन्ही, किमान शिल्लकेपोटी किती दंड घेतला तोही आकडा आपल्या संकेतस्थळावर असावा.

यांपैकी सहावी मागणी मान्य करायला नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. बाकीच्यांचा विचार व्हायला वेळ लागणार असेल तर निदान तिची सुरुवात लगेच व्हावी, ही विनंती. या पत्राला जाहीर उत्तर द्यावे, म्हणजे ते शाखेत दाखवता येईल.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी